एक गेम, सहा यंत्रे: सगळीकडे एकाच दिवशी जाणे छोट्या कंपनीला झेपेल का?

वाचकाचे पत्र

आम्ही चार मित्र सोलापुरातच अभियांत्रिकी शिकलो आणि दोन वर्षांपासून जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटमध्ये बसून गेम तयार करत आहोत. विणकराची मुलगी आपल्या दोऱ्याने पूल, शिड्या आणि जाळ्या विणत एका पडक्या भुईकोट किल्ल्यातून वाट काढते, असा हा कोड्यांचा गेम आहे. तो मराठी, तेलुगू आणि कन्नड या तीन भाषांत असेल, जाहिराती नसतील आणि एकदाच पैसे भरून विकत घ्यायचा असेल. काम युनिटी या गेम बनवण्याच्या तयार इंजिनवर चालले आहे. आमच्यातला एक जण म्हणतो की बटण दाबले की हवे ते बिल्ड (त्या यंत्रावर चालणारी गेमची प्रत) निघते, तेव्हा पीसी, अँड्रॉइड, आयफोन आणि प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच ही कन्सोल (खास गेमसाठीची यंत्रे) अशा सहाही ठिकाणी एकाच दिवशी उतरू. भांडवल देणारे माझे मामा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवतात. माल एकाच दुकानात का ठेवायचा, असे तेही विचारतात. मला धास्ती वाटते, पण तिचे कारण नीट मांडता येत नाही. गेम बनवणाऱ्या कंपनीला एकाच वेळी अनेक प्लॅटफॉर्म सांभाळता येतात का? आमच्याकडे अजून साधारण वर्षभर पुरतील एवढे पैसे आहेत; त्यानंतर नोकरीसाठी पुणे गाठावे लागेल.

– एक वाचक, सोलापूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

थेट उत्तर आधी देतो. अनेक प्लॅटफॉर्म एकाच वेळी सांभाळता येतात आणि कित्येक कंपन्या ते उत्तम रीतीने करतात. परंतु चार जणांनी, वर्षभराच्या पैशांवर, आपल्या पहिल्याच गेमसाठी सहा ठिकाणी एकाच दिवशी उतरणे मला योग्य वाटत नाही आणि तुम्ही तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमची धास्ती रास्त आहे. तिच्यामागची कारणे सविस्तर लिहितो, कारण ती तुम्हाला मित्राला आणि मामांना, दोघांनाही पटवून द्यायची आहेत.

पहिल्या दिवशी सगळीकडे पोहोचलेल्या गेमचे ठळक उदाहरण म्हणजे शांघायच्या मिहोयो कंपनीचा गेनशिन इम्पॅक्ट. तो २८ सप्टेंबर २०२० रोजी पीसी, अँड्रॉइड, आयफोन आणि प्लेस्टेशन ४ वर एकदमच आला, आणि तोही युनिटीवरच बनलेला आहे, त्यामुळे तुमच्या मित्राच्या डोळ्यांसमोर कदाचित हेच नाव असेल. त्या गेमवर सुमारे दहा कोटी डॉलर खर्च झाल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. एवढे बळ पाठीशी असूनही जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेली त्याची स्विचवरची आवृत्ती त्या दिवशी तयार नव्हती, आणि पुढे वर्षे उलटली तरी ती आली नाही.

आता तुमच्या आकाराच्या जवळचे उदाहरण घ्या. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून अधिक काळ खपून केलेला स्टारड्यू व्हॅली फेब्रुवारी २०१६ मध्ये फक्त विंडोजवर आला. मॅक आणि लिनक्सवर तो त्याच वर्षी जुलैत, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर डिसेंबरात, स्विचवर ऑक्टोबर २०१७ मध्ये, आयफोनवर ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि अँड्रॉइडवर मार्च २०१९ मध्ये पोहोचला. वी यू या कन्सोलसाठी जाहीर केलेली आवृत्ती मध्येच रद्द करावी लागली. आज तो गेम सगळीकडे आहे, म्हणून तो पहिल्यापासून सगळीकडे होता असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात त्याला तीन वर्षे लागली, आणि कन्सोल व मोबाइलवर नेण्याचे काम बॅरोन यांनी स्वतः न करता पोर्टिंग करणाऱ्या, म्हणजे तयार गेम दुसऱ्या यंत्रावर चालेल असा करून देणाऱ्या, कंपन्यांनी केले.

आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक' तुम्हाला ठाऊक असेलच. तोही आधी १८ ऑगस्ट २०२० रोजी एकट्या स्विचवर आला आणि दोन महिन्यांनी, १५ ऑक्टोबरला, पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर. महाराष्ट्रात बसून कन्सोलपर्यंत पोहोचता येते हे त्या मंडळींनी दाखवून दिले आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यामुळे माझा आक्षेप सहा या आकड्याला नाही. तो एकाच दिवसाला आहे.

युनिटीच्या बटणाविषयी तुमचा मित्र चुकीचे सांगत नाही. बटण दाबले की त्या यंत्रावर चालणारे बिल्ड खरोखरच हाती येते. विंडोजवर डायरेक्टएक्स, आयफोनवर मेटल, अँड्रॉइडवर वल्कन अशा चित्र काढण्याच्या निरनिराळ्या पद्धती इंजिन आपल्या आपण सांभाळते. पूर्वी या एका कामासाठी वेगळी माणसे लागत, तेव्हा ही सोय लहान नाही. (कन्सोलचे बिल्ड मात्र संबंधित कंपनीने तुम्हाला मान्यता दिल्याशिवाय निघत नाही.) अडचण सुरू होते ती त्यानंतर, कारण गेम त्या यंत्रावर उघडणे आणि तुम्ही कल्पिला तसा तो तिथे खेळता येणे यांच्यामधले सगळे काम माणसालाच करावे लागते.

तुमच्या गेममधला दोराच पाहा. संगणकाच्या लेखी दोरा म्हणजे एकमेकांना बांधलेल्या ठिपक्यांची साखळी असते. दर वेळी प्रत्येक ठिपक्याची नवी जागा काढायची, शेजारच्या दोन ठिपक्यांमधले अंतर ठरलेल्या लांबीवर परत आणायचे, आणि ही दुरुस्ती पुन्हा पुन्हा करायची, तेव्हा कुठे पडद्यावर ताणलेला दोरा दिसतो. हे गणित जर दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, होत असेल, तर सेकंदाला ३० फ्रेम काढणाऱ्या फोनवर दोरा सैल लोंबेल आणि १२० फ्रेम काढणाऱ्या पीसीवर तोच दोरा ताठ राहील. पीसीवर जो पूल मुलगी सहज ओलांडते, तोच फोनवर तिच्या वजनाने खाली बसेल आणि कोडे सुटणारच नाही. मोठ्या कंपन्याही यात अडकल्या आहेत: डार्क सोल्स २ या गेमच्या पीसीवरील आवृत्तीत सेकंदाला ६० फ्रेम निघत असल्यामुळे शस्त्रे कन्सोलवरच्यापेक्षा दुप्पट वेगाने झिजत होती, आणि ती चूक दुरुस्त व्हायला २०१५ उजाडले. युनिटीत हे गणित ठरावीक अंतराने करण्याची सोय आहे; मुळात ते अंतर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे असते. ही सोय वापरली तरी मंद फोनवर एका फ्रेममध्ये गणिताच्या दोन-तीन फेऱ्या उरकाव्या लागतात आणि फोन आणखी मंदावतो. म्हणून दोऱ्यात किती ठिपके ठेवायचे हा निर्णय तुमच्याकडच्या सर्वांत अशक्त यंत्राकडे पाहून घ्यावा लागेल, आणि तो आजच घ्यावा लागेल, कारण प्रत्येक कोड्याची रचना त्याच दोऱ्यावर उभी आहे.

त्यातच सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर असताना फोन हातात तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवतो. पहिली दहा मिनिटे सुरळीत चाललेला गेम पुढे अडखळू लागतो, आणि दोन मिनिटे खेळून 'चालतो आहे' असा शेरा मारणाऱ्याला हे कधीच कळत नाही. फोनवरची चाचणी दुपारी, पंखा बंद करून, सलग अर्धा तास करा. तुमचा ग्राहक एसटीत बसून खेळणार आहे.

खेळण्याचे साधन हा याहूनही मोठा प्रश्न आहे. बोटाने काढलेली रेघ दोऱ्यासाठी अगदी स्वाभाविक आहे, माउसनेही ती जमते. परंतु कन्सोलच्या कंट्रोलरवरील स्टिकने वळणदार रेघ काढणे कष्टाचे होते. तिथे तुम्हाला दोरा टाकण्याची वेगळीच पद्धत शोधावी लागेल, म्हणजे उदाहरणार्थ, आधी खुंटी निवडायची, मग दुसरी खुंटी निवडायची आणि मधला झोल बटणाने कमी-जास्त करायचा. ही पद्धत रुजवताना काही कोडी नव्याने मांडावी लागतील. बटणांची नावेसुद्धा सारखी नाहीत: एक्सबॉक्सवर 'ए' बटण खाली असते, स्विचवर तेच उजवीकडे असते, आणि पडद्यावर चुकीचे चिन्ह दिसले तर कन्सोल कंपनीच्या तपासणीतच गेम परत येऊ शकतो. फोनवर मध्येच कॉल येतो आणि अँड्रॉइड मागे गेलेला गेम बंद करून टाकू शकते, म्हणून तिथे प्रगती लगेच जतन व्हायला हवी. कन्सोलवर कंट्रोलरचा संपर्क तुटला तर गेमने तिथल्या तिथे थांबायला हवे. यांतले प्रत्येक काम एक-दोन दिवसांचेच दिसते, पण अशी कामे संपता संपत नाहीत.

तीन भाषांचा तुमचा निर्णय मला मनापासून आवडला. या शहरात घराघरांत मराठी, तेलुगू आणि कन्नड ऐकू येते, आणि गेमनेही ते ऐकवावे हे उचितच आहे. मात्र युनिटीत अक्षरे दाखवण्यासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या टेक्स्टमेश प्रोमध्ये देवनागरीची जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी आपोआप नीट जुळत नाहीत, आणि तेलुगू-कन्नडमध्ये अक्षराखाली येणाऱ्या अक्षरांचीही तीच गत होते. (गोडो इंजिनाने २०२३ मधल्या चौथ्या आवृत्तीपासून हे काम पुरते केले आहे, पण एवढे पुढे आल्यावर इंजिन बदला असे मी सांगणार नाही.) अक्षरजुळणीची एकच पद्धत आणि फाँट गेमसोबतच द्या, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या अक्षरांवर विसंबावे लागणार नाही. सहा यंत्रे आणि तीन भाषा धरल्या तर प्रत्येक संवादाची खिडकी अठरा प्रकारे तपासायची होते. आणि ती तपासणार कोण, याचे उत्तर तुमच्या चौघांत आज कोणाकडेही नसेल.

तुमच्या मनात येईल की मग इतर लोक हे जमवतात कसे. त्याची रीत जुनी आहे आणि ती शिकण्यासारखी आहे. अमेरिकेतील इन्फोकॉम या कंपनीपुढे १९७९ मध्ये हाच पेच होता: घरगुती संगणकांचे प्रकार अनेक, एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नाही, आणि 'झॉर्क' हा त्यांचा मजकुराचा गेम मुळात विद्यापीठातल्या भल्यामोठ्या संगणकावर लिहिलेला. त्यांनी कागदावर एक काल्पनिक यंत्र रचले, सगळे गेम त्या यंत्रासाठी लिहिले आणि प्रत्येक खऱ्या संगणकासाठी त्या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारा एकच छोटा प्रोग्रॅम केला. नवा संगणक बाजारात आला की तेवढा प्रोग्रॅम लिहायचा, की जुने सगळे गेम त्यावर चालू. ते गेम आजच्या फोनवरही चालतात ते त्याच रचनेमुळे. इड सॉफ्टवेअरचा १९९३ मधला डूम हा गेम नेक्स्ट या कंपनीच्या संगणकांवर लिहिला गेला आणि डॉस या पीसीवरच्या जुन्या प्रणालीसाठी विकला गेला. १९९७ मध्ये त्याचा कोड खुला झाला तेव्हा दिसले की पडदा, आवाज, नेटवर्क आणि यंत्राशी संबंध येणारा सगळा भाग 'आय' या अक्षराने सुरू होणाऱ्या मोजक्या फाइलींत ठेवलेला आहे आणि बाकीच्या गेमला आपण कोणत्या यंत्रावर आहोत याची खबरही नाही. खुला केलेला कोड लिनक्सचा होता, कारण डॉसवरच्या आवाजाची लायब्ररी (तयार कोड) दुसऱ्याची असल्यामुळे ती वाटता येत नव्हती. तुम्हीही युनिटीच्या दुकानातून घेतलेल्या प्रत्येक प्लगइनचे (दुसऱ्याने लिहिलेल्या तयार जोडणीचे) पान उघडून तो कोणकोणत्या प्लॅटफॉर्मवर चालतो ते आजच पाहून घ्या. दोऱ्याचा प्लगइन विकतचा असेल तर सर्वांत आधी.

तुमच्या कोडमध्ये तेच करा. सेव्ह फाइल, बटणे, कामगिरीची पदके, खरेदी, भाषा, या पाच-सहा गोष्टींसाठी एकेक दार ठरवा आणि गेमचा बाकी कोड त्या दारापलीकडे जाऊ देऊ नका. हे काम आत्ता केले तर काही आठवड्यांत उरकेल. गेम पूर्ण झाल्यावर करायला घेतले तर तुमचे उरलेले वर्ष त्यातच जाईल.

मामांशी बोलताना हे त्यांच्या धंद्यातून सांगा. चादरीवरची नक्षी टॉवेलवर हवी असेल तर कागदावरचे चित्र तेच राहते, पण नक्षी विणणाऱ्या जकार्डची कार्डे नव्याने पाडावी लागतात, ताण्याचे (उभे) धागे पुन्हा मोजावे लागतात आणि टॉवेलवरच्या धाग्याच्या फाशांसाठी वेगळा ताणा लावावा लागतो. सहा प्रकारच्या मागांवर एकाच दिवशी नवी नक्षी चढवा असे कोणी सांगितले तर ते काय म्हणतील, ते त्यांनाच विचारा.

अशक्त यंत्राची गोष्ट मी वर काढली, ती मोठ्या कंपन्यांनाही सुटलेली नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा सायबरपंक २०७७ हा १० डिसेंबर २०२० रोजी पीसीबरोबर प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवरही आला, आणि २०१३ सालच्या त्या कन्सोलवर तो इतका अडखळला की आठवडाभरात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि ग्राहकांचे पैसे परत केले. तो परत यायला जून २०२१ उजाडला. कंपनीच्या प्रमुखांपैकी एकाने नंतर जाहीरपणे सांगितले की पीसीवर गेम भव्य दिसावा असे आधी ठरवले आणि मग तो जुन्या कन्सोलवर बसवायला घेतला, पण तिथल्या डिस्कच्या वेगाला गजबजलेले शहर झेपले नाही. २०२३ मध्ये त्याची मोठी पुरवणी आली, तेव्हा जुन्या कन्सोलना वगळण्यात आले. त्याच वर्षी लॅरियन स्टुडिओजने बाल्डर्स गेट ३ ऑगस्टमध्ये पीसीवर आणि सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशन ५ वर आणला, परंतु एक्सबॉक्सच्या ग्राहकांना डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. तिथे अडले ते एक्सबॉक्स सिरीज एसपाशी: सिरीज एक्समध्ये १६ जीबी मेमरी, सिरीज एसमध्ये १०, आणि दोघांनी एकाच पडद्यावर खेळण्याची सोय त्या लहान यंत्रात बसेना. अखेर एक्सबॉक्स बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने सवलत दिली आणि ती सोय वगळून गेम तिथे आला. लॅरियनने गेम थांबवून न ठेवता जिथे तो तयार होता तिथे आधी दिला, हा निर्णय मला अनुकरणीय वाटतो.

आणि आता तो भाग, ज्याचा हिशेब तुमच्या मित्राने बहुधा केलेलाच नाही. गेम बाहेर पडला की काम संपत नाही. स्टारड्यू व्हॅलीचा १.६ हा अपडेट पीसीवर मार्च २०२४ मध्ये आला आणि कन्सोल व मोबाइलवर नोव्हेंबर २०२४ मध्ये. कोट्यवधी प्रती विकलेल्या गेमलाही सगळ्यांना एका रांगेत आणायला जवळपास आठ महिने लागले. पीसीवर चूक सापडली तर तुम्ही त्याच संध्याकाळी दुरुस्ती देऊ शकता. कन्सोलवर तीच दुरुस्ती पुन्हा तपासणीतून जाते आणि तोवर ग्राहक वाईट शेरे लिहीत राहतात. यंत्रेही जागची हलतात: ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर ३२ बिटचे ॲप बंद केले, गूगलने ऑगस्ट २०१९ पासून ६४ बिटची सक्ती केली, आणि प्ले स्टोअर दर वर्षी अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीशी जुळवून घ्यायला लावते. काहीही न बिघडवता नुसता दुकानात टिकून राहायचा म्हटला तरी गेम दर वर्षी उघडून पुन्हा बांधावा लागतो.

यातून माघार घ्यावी लागली तर तीही महाग पडते. रॉकेट लीग या ऑनलाइन गेमने मार्च २०२० मध्ये मॅक आणि लिनक्सचा पाठिंबा बंद केला. त्या दोन्हींवर मिळून सक्रिय खेळाडू ०.३ टक्क्यांहून कमी होते आणि डायरेक्टएक्स ९ वरून ११ वर जाताना त्यांच्यासाठी वेगळे काम करणे परवडत नव्हते. निर्णय हिशेबाने बरोबर होता, पण ज्यांनी पैसे मोजले होते त्यांचे ऑनलाइन खेळणे गेले आणि कंपनीला परताव्याची सोय करावी लागली. सुरू केलेला प्लॅटफॉर्म बंद करताना विश्वासाला तडा जातो. न सुरू केलेल्या प्लॅटफॉर्मबद्दल कोणी रागावत नाही, लोक फक्त 'आमच्याकडे कधी येणार' असे विचारत राहतात, आणि असे विचारणारे लोक असणे तुमच्या हिताचेच आहे.

दुकानांचे शुल्क हा त्या मानाने लहान विषय आहे. गूगल प्लेसाठी एकदाच २५ डॉलर, ॲपलसाठी दर वर्षी ९९ डॉलर, स्टीम या पीसीच्या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेममागे १०० डॉलर. आयफोनसाठी मॅक लागतोच. गूगलवर वैयक्तिक खाते नवे उघडणार असाल तर गेम खुला करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणी घ्यावी लागते. कंपनी नोंदवून तिच्या नावाने खाते काढले तर ही अट लागत नाही. कन्सोलसाठी करार, गुप्ततेची अट, वेगळे डेव्ह किट (गेम बनवणाऱ्यांना मिळणारे खास यंत्र) आणि तिन्ही कंपन्यांच्या तीन स्वतंत्र तपासण्या.

एक अपवाद नोंदवतो. मित्रांनी मित्रांशी खेळायचा गेम असेल तर अनेक ठिकाणी लवकर असणे गरजेचे ठरते, कारण एकाचा फोन अँड्रॉइड आणि दुसऱ्याचा आयफोन असला तर डावच मांडता येत नाही. नवी मुंबईत बनलेला लुडो किंग अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींवर आहे, त्याचे महत्त्व यात आहे. तुमचा गेम एकट्याने खेळायचा आहे, त्यामुळे ही घाई तुम्हाला लागू नाही.

तेव्हा तुमच्यासाठी माझा क्रम असा. पहिला दिवस पीसीचा, म्हणजे स्टीमचा. एकदाच पैसे भरून घ्यायचा, जाहिराती नसलेला कोड्यांचा गेम विकत घेणारा ग्राहक तिथे आहे, आणि दुरुस्ती तिथे तुमच्या हातात आहे. शिवाय २०२२ पासून विकला जाणारा स्टीम डेक हा हातातला संगणक लिनक्सवर चालत असला तरी प्रोटॉन या सोयीमुळे विंडोजचे बहुतेक गेम तो तसेच चालवतो, म्हणजे एका बिल्डमध्ये तुम्हाला कंट्रोलर आणि सात इंची पडदा या दोन्हींचा सराव मिळेल. त्या पडद्यावर तेलुगू अक्षरे वाचता आली तर पुढे स्विचवरही ती वाचता येण्याची शक्यता वाढेल; फोनचा पडदा लहान, तिथे ती पुन्हा तपासा. मात्र स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात, म्हणून पहिल्या दोन तासांतली कोडी सर्वांत आधी घासूनपुसून घ्या.

पीसीवर काम चालू असतानाच तीन-चार वर्षांपूर्वीचा एक स्वस्त अँड्रॉइड फोन टेबलावर ठेवा आणि दर शुक्रवारी त्या आठवड्याचे बिल्ड त्यावर चालवा. ते विकण्यासाठी नाही. दोरा, मेमरी आणि अक्षरे हाताबाहेर चालली आहेत का, एवढे कळण्यासाठी. दुसरा मुक्काम अँड्रॉइड आणि आयफोन, पण त्याची तारीख आज ठरवू नका. पीसीवर आलेली चूक सापडल्यापासून दुरुस्ती ग्राहकापर्यंत पोहोचायला तुम्हाला किती दिवस लागतात ते पहिल्या तीन महिन्यांत लिहून ठेवा, आणि हा काळ आठवडाभराच्या आत स्थिरावला की मोबाइलचे काम हाती घ्या. तुमच्या मित्राला बहुविध यंत्रांची एवढी ओढ आहे, तर वर सांगितलेली दारे बांधण्याचे काम आणि शुक्रवारची चाचणी त्याच्याकडेच द्या. ते काम त्याच्या स्वप्नाचा पाया आहे आणि तो ते आवडीने करील.

कन्सोल तिसरे, आणि तेही बाहेरच्या पोर्टिंग कंपनीमार्फत किंवा प्रकाशकामार्फत. पीसीवरची विक्री आणि खेळाडूंचे शेरे दाखवता आले तर ही बोलणी तुमच्या बाजूने होतात. गेम अजून बाहेरच पडलेला नसताना गेलात तर अटी समोरचा ठरवतो. बाहेरच्यांकडे काम दिले म्हणजे काळजी मिटली असे मात्र समजू नका. बॅटमॅन: अर्कहॅम नाइटची पीसीवरील आवृत्ती बाहेरच्या कंपनीने केली होती, जून २०१५ मध्ये ती आली आणि इतकी अडखळली की एक-दोन दिवसांतच तिची विक्री थांबवावी लागली, आणि ती ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू झाली. राग ओढवला तो पेटीवर नाव असलेल्यांवर. म्हणून पोर्टिंगच्या करारात तपासणीत गेम नापास झाला तर पुन्हा सादर करण्याचा खर्च कोणाचा, पुढची दोन वर्षे तुमचे अपडेट तिकडे किती दिवसांत जातील, तिन्ही भाषांची चाचणी कोण घेणार आणि बदललेला कोड तुम्हाला परत कधी मिळणार, हे चार मुद्दे कलमांसह लिहून घ्या. सोलापुरातल्या एखाद्या वकिलाकडून करार वाचून घ्या, आणि त्यावर दोन्हीकडच्या सह्या होईपर्यंत सोर्स कोड कोणाकडेही पाठवू नका.